सासुरवाडीत बदललेले बुश

आमची गाडी अठरा वर्षांची आहे. पांढरी, छोटी, चार माणसं आणि मागं तांदळाचं एक पोतं मावेल एवढी. मी पवनीच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळेत सायकलनं जातो, त्यामुळे गाडीला रोजचं काम नाही. भंडाऱ्याला ऑफिसची कामं, कुणी पाहुणे आले की गोसीखुर्दचं धरण, आणि वर्षातून तीनदा बपेरा. बपेरा ही माझी सासुरवाडी. तुमसरच्याही पुढं, महाराष्ट्र जिथं संपत येतो तिथं.

दिवाळीनंतर ही गाडी समोरून वाजायला लागली. आधी फक्त ब्रेकरवर 'खट' असा एकच आवाज यायचा. संक्रांतीपर्यंत तो साध्या खड्ड्यावरही यायला लागला आणि होळीपर्यंत ब्रेक मारला की गाडी थोडी डावीकडे ओढायची. मी स्टेअरिंग घट्ट धरून बसायचो आणि भेटेल त्याला विचारायचो. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, बेअरिंग गेलं. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर म्हणाले, सायलेन्सर ढिला झाला. शेजारच्या किराणावाल्यानं गाडीत बसून एक चक्कर मारली आणि आवाज मागून, स्टेपनीचा येतो असं ठामपणे सांगितलं. मी स्टेपनी काढून घरात ठेवली. आवाज तसाच राहिला. शेवटी भंडाऱ्याच्या एका गॅरेजवाल्यानं समोरचे दोन्ही शॉकअप बदलून दिले. परत येताना गाडी मऊ चालली. झालं एकदाचं काम, असं मी बायकोला सांगत होतो, तेवढ्यात पवनीच्या अलीकडचा ब्रेकर आला आणि गाडी पुन्हा 'खट' म्हणाली. बायको खिडकीबाहेर बघत होती. ती हसते आहे हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या आणि आम्ही बपेऱ्याला निघालो. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झाले होते. त्यांना भेटून यायचं होतं.

मामाजी पस्तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर गावी आले, घरचं धान बघू लागले. उंच, हाडकुळा माणूस. बोलणं अगदी कमी. बाकीच्यांशी ते थोडंफार तरी बोलत, माझ्याशी तर अजिबातच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, पण आमचं संभाषण एका पोस्टकार्डाच्या पाठीवर मावलं असतं. "केवा आले?" "आत्ताच." "तिकडं पाऊस हाये का?" "आहे." किंवा "नाही." एवढं झालं की ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून वर्तमानपत्र उघडत आणि मी उगाच मोबाइल बघत बसे. जावई म्हणून मानपान मात्र कमी नव्हता. माझ्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळा तांब्या, पाय धुवायला पाणी. मी पाण्याचा पेला उचलायला उठलो तरी सासूबाई धावत येत. मला वाटायचं, या माणसाला मी आवडलो नसेन. बायकोला एकदा तसं विचारलंही. ती म्हणाली, बाबांना तुमच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. मला ते पटलं नाही. वीस वर्षं कुणाला काही सुचत नाही असं होत नसतं.

त्या दिवशी आम्ही गल्लीत वळलो तेव्हा मामाजी सपरीत बसले होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खोदून बुजवलेला आहे, तिथं गाडी 'खट' म्हणाली. मी उतरून पाया पडायला वाकलो. केव्हा आले हा प्रश्न येईल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.

"आर्मचे बुश गेले," मामाजी म्हणाले.

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "मामाजी, शॉकअप तर मागच्याच महिन्यात बदलले."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ब्रश करत अंगणात आलो तर मामाजी गाडीजवळ उभे होते, काळा चष्मा लावून, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन. सासूबाई दारातून बोलत होत्या. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, वजन उचलायचं नाही असं बजावून सांगितलं होतं, आणि हे सब्बल घेऊन कुठं निघाले. मामाजींनी मला बघितलं, एक क्षण विचार केला आणि सब्बल माझ्या हातात दिली.

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. डाव्या चाकामागं जमिनीवर पालथा झालो. चाकाच्या आतून एक जाड लोखंडी हात, म्हणजेच आर्म, गाडीच्या सांगाड्याकडं जाताना दिसला. तो जिथं सांगाड्याला मिळतो त्या फटीत सब्बल घालायची आणि हलकेच वर दाबायची. मी दाबली. तो अख्खा हात बोटभर सरकला आणि 'खट' वाजलं. सहा महिने ज्या आवाजामागं मी फिरत होतो तो माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होता.

मी बाहेर आलो तेव्हा मामाजींनी बुश म्हणजे काय ते सांगितलं. लोखंडाची एक बाहेरची नळी, तिच्यात एक आतली बारीक नळी, आणि दोघींच्या मध्ये रबर. चाक वरखाली होतं तेव्हा तो हातही वरखाली होतो, आणि लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये हे रबर असतं. ते फाटलं की हात आपल्या जागी राहत नाही. म्हणून ब्रेक मारला की गाडी एकीकडं जाते. एवढं सगळं ते माझ्याशी सलग बोलले. मी मान डोलवत होतो, पण निम्मं लक्ष ते बोलत आहेत याकडंच होतं.

बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं बुश असतीन म्हणून."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुमी किराणावाल्याले विचारलं. मले कुठं विचारलं?"

नंतर कळलं की लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती वडिलांच्या डब्याबरोबर डेपोत जायची आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसून नट-बोल्टचे पाने पुसायची. वीस वर्षांच्या संसारात हे माझ्या कानावर आलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, हे ओघानं आलंच.

तुमसरच्या गॅरेजात गाडी टाकावी असं मी सुचवलं. मामाजी म्हणाले, घरीच होतं. म्हणजे कोण करणार, असं सासूबाईंनी विचारलं. बायकोनं माझ्याकडं बोट दाखवलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते दुःखच म्हणावं लागेल. "जवायाले गाडीखाली घालता का जी," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?" मी आजवर सायकलच्या पंक्चरापलीकडं काही केलेलं नव्हतं. पण मामाजी पहिल्यांदा माझ्याकडून काही मागत होते, निदान मला तसं वाटलं, आणि मी हो म्हणून बसलो.

बुश आणायला मामाजी आणि मी हळूहळू गाडी चालवत तुमसरला गेलो. दुकानदार मामाजींना ओळखत होता. त्यानं पहिला डबा काढून दिला. मामाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, बुश नाकाजवळ नेऊन वास घेतला, अंगठ्याचं नख रबरात रुतवलं आणि डबा परत सरकवला. दुसऱ्या डब्याचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी दुकानदार स्वतः आत गेला आणि मागच्या फळीवरून एक धुळकट खोका घेऊन आला. मामाजींनी नख रुतवलं, रबर लगेच वर आलं. त्यांनी तो बुश माझ्या हातात दिला आणि मलाही नख लावून बघायला सांगितलं. मी आधीच्या डब्यातला आणि हा असे दोन्ही दाबून पाहिले. खरंच, पहिल्यात नखाची खूण तशीच राहत होती. विज्ञानाच्या तासाला मी स्थितिस्थापकता हा शब्द फळ्यावर लिहीत आलो, पण तो नखाला कधी लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच काम सुरू केलं. आठनंतर आमच्याकडचं ऊन अंगावर घेण्यासारखं नसतं. गाडी चिंचेखाली लावली. धूळ उडेल म्हणून सासूबाईंनी मामाजींची खुर्ची बरीच लांब, सपरीच्या पायरीजवळ ठेवली आणि तिथून उठायचं नाही अशी ताकीद दिली. मग त्या आतून पलंगावरची धुतलेली चादर घेऊन आल्या आणि जावयाच्या अंगाला माती लागू नये म्हणून गाडीखाली अंथरली. त्या आत गेल्यावर मामाजींनी मुलीला खूण केली, तिनं चादर उचलून घडी केली आणि तिच्या जागी धानाचं रिकामं पोतं टाकलं.

चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, मग जॅक लावायचा. जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही, आधी लाकडाचे जाड ठोकळे सांगाड्याखाली द्यायचे. ठोकळे लावल्यावर मामाजींनी मला गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायला लावली. हलली नाही, तेव्हाच आत जाऊ दिलं. जुना बुश कसा बसलेला आहे त्याची खूण करून ठेवायला सांगितली. माझ्या सदऱ्याच्या खिशात खडू होता. सुट्टीतही असतो. मी आर्मवर रेघ ओढली. ते बघून मामाजी हसले की काय असं मला वाटलं, पण काळ्या चष्म्यामुळं नक्की सांगता येत नव्हतं.

त्यांना माझे हात दिसत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. मी पाना लावला की लांबून ते सांगत, हा नाही, सतराचा घ्या. पाना नटावरून निसटायच्या आधी जो बारीक करकर आवाज होतो तो त्यांना तेवढ्या अंतरावरून कळत होता. बायको पाने देत होती. मी नंबर शोधायच्या आधी पाना तिच्या हातात तयार असायचा.

आर्मचं बाहेरचं टोक चाकाच्या बाजूला एका गोल सांध्यात बसलेलं असतं. त्याचा बोल्ट अठरा वर्षं जागचा हलला नव्हता. डिझेल सोडून ठेवलं, थांबलो, चहा प्यालो, पुन्हा सोडलं. तोवर शेजारचे दोन शेतकरी येऊन चिंचेच्या मुळावर बसले होते. जावई सासऱ्याच्या दारात गाडीखाली पडलेला बघायला मिळतो आहे म्हटल्यावर ते उठायचं नाव घेत नव्हते. त्यातल्या एकानं, मास्तर, शाळा सोडली का, असं विचारलं. मी खालूनच सुट्ट्या आहेत म्हणून सांगितलं.

दहाच्या सुमाराला बोल्ट सुटला. आता सांधा उपसायचा होता. मी टॉमी, म्हणजे जाड लोखंडी दांडा, अडकवून उजव्या हातानं दाब देत होतो आणि डावा हात आधाराला आर्मखाली सरकवलेल्या आणखी एका ठोकळ्यावर ठेवला होता. मला ते लक्षातही आलं नव्हतं.

"अबे, हात काढ तिथून."

मामाजींचा आवाज एवढा चढा मी कधी ऐकला नव्हता. मी हात ओढला आणि त्याच क्षणी सांधा निसटून आर्म धाडकन खाली ठोकळ्यावर आदळला. माझी बोटं जिथं होती त्याच जागी लाकडावर खोल खळगा पडला.

मी बाहेर सरकलो. टॉमीचा आवाज ऐकून मामाजी केव्हाच खुर्चीवरून उठले होते आणि गाडीच्या अगदी जवळ वाकून बघत होते, डॉक्टर आणि धूळ दोन्ही विसरून. मग दारातून सासूबाईंचा आवाज आला, "काय बोलता जी जवायाले?" तेव्हा मामाजींना आपण काय बोललो ते कळलं. त्यांचा चेहरा पडला. ते वळले आणि मुकाट्यानं घरात गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, ते बाहेर येईनात. बायको म्हणाली, "आता तुमीच जा."

मी आत गेलो. ते माजघरात पलंगाच्या काठावर बसले होते. माझे हात कोपरापर्यंत काळे, त्यामुळं कुठं टेकता येत नव्हतं. मी उभाच राहिलो आणि म्हणालो, "मामाजी, तुम्ही हाक मारली म्हणून बोटं वाचली."

"तसं नव्हतं बोलाले पायजे," ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं."

"'जवाईबापू, कृपा करून हात काढा' एवढं म्हणेपर्यंत बोटं गेली असती."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग मान खाली घालून ते बोलायला लागले, माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघून. "तुमी मास्तर मानूस. इतके शिकलेले. म्या सातवी शिकलो, मंग हातात पाना आला. तुमच्याशी काय बोलाव, मले समजेच ना. पाना-नटाशिवाय मले दुसरं काही येत नाही."

मी वीस वर्षं याच्या उलटं समजत आलो होतो. मी त्यांना सांगितलं की मीही घाबरूनच गप्प बसायचो, मला वाटायचं तुम्हाला मी पसंत नाही. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता.

"पसंत नसता तर पोरगी दिली असती का," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मग कामापुरतं तरी 'तू' म्हणा. तुमी-आमी करत बसलो तर दुसरी बाजू दिवाळीला होईल."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि उठले. "कामापुरतं," ते म्हणाले.

दोन्ही आर्म निघेपर्यंत दुपार झाली. जुन्या बुशांचं रबर बघण्यासारखं झालं होतं. उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी आटल्यावर तळाला जशा भेगा पडतात, तशा आरपार भेगा. एक तर बोट लावताच दोन तुकडे होऊन हातात आला. पण बाकीचे आर्ममध्ये घट्ट रुतून बसले होते आणि ते दाबून काढायला गावात मशीन नव्हतं. मामाजींनी सांगितलं, लांब आटे असलेला एक बोल्ट पाहिजे, दोन जाड वायसर आणि बुशापेक्षा जरा मोठ्या तोंडाचा पाइपाचा तुकडा. बायको मागच्या खोपड्यात, अवजारांच्या खोलीत, गेली आणि जुन्या नांगराचा बोल्ट आणि मोटारपंपाच्या पाइपाचा तुकडा घेऊन आली. बुशातून बोल्ट ओवायचा, एका बाजूला पाइप लावायचा आणि दुसऱ्या टोकाचा नट फिरवत जायचं. नट फिरतो तसा बुश इंच इंच करत पाइपात सरकत जातो. बोल्टचं डोकं फिरू नये म्हणून बायकोनं ते पान्यात धरून ठेवलं होतं, पाय जमिनीत रोवून. मी नट फिरवत होतो. तिच्या मनगटातला जोर बघून मला थोडं संकोचल्यासारखं झालं. पहिला बुश सुटून पाइपात पडला तेव्हा मुळावर बसलेल्या दोघांनीही मान डोलावली.

नवे बुश बसवायचे तर बुश थंड पाहिजे आणि आर्म गरम, म्हणजे लोखंड लोखंडाला जागा देतं, असं मामाजी म्हणाले. गरम करायची अडचण नव्हती. आर्म सपरीसमोर उन्हात टाकले, तासाभरात त्यांना हात लावता येईना. बुश सासूबाईंनी एका पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात ठेवले. सकाळपासून त्या नाराज होत्या, पण आपल्या फ्रीजचा उपयोग होतो आहे म्हटल्यावर त्यांचा नूर बदलला. मध्ये शेजारची बाई बर्फ मागायला आली, तर "आज बर्फ नाही, जवायाच्या गाडीचं सामान थंड कराले ठेवलं हाये" असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तीही मग बघायला थांबली.

आटे फिरवत नवे बुश बसवले. साबणाचं पाणी लावलेला बुश गरम आर्ममध्ये सरकत गेला आणि खडूच्या रेघेवर येऊन थांबला. "बस, बस, तिथंच ठेव," मामाजी म्हणाले. त्यानंतर तर ते थांबेचनात. हे धर, ते सोड, उलटं नको फिरवू. सासूबाई प्रत्येक वेळी दारातून बघत, पण आता काही म्हणत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्म जागेवर चढवले. मी सगळे बोल्ट अंगातली ताकद लावून आवळले आणि घाम पुसत बाहेर आलो. आता झालं, अशा थाटात. मामाजींनी विचारलं, "आतले बोल्ट पण कसून टाकले का?" मी अभिमानानं हो म्हणालो. "ढिले कर," ते म्हणाले.

मी का म्हणून विचारलं. खरंच समजत नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून एक पीळ घातला.

"गाडी उचलून ठेवली हाये, तं चाक खाली लोंबून राहिलं. तू आता बोल्ट कसून टाकला, तं रबर तसंच पकडल्या जाईन. मंग गाडी जमिनीवर आली का आर्म वर जाईन, आन रबर असं पिळलं जाईन. उभ्या गाडीत बी पिळलेलंच. किती दिवस टिकन?"

मी बोल्ट ढिले केले. चाकं लावली, ठोकळे काढले, गाडी जमिनीवर उतरवली, चारजण धरून समोरून दोन-चारदा दाबली. मग गाडीचं वजन चाकांवर असतानाच खाली सरकून शेवटचे बोल्ट आवळले. खाली जागा इतकी कमी होती की पाना एका वेळी अंगठाभरच फिरायचा. तास गेला. पण त्या तासात कंटाळा आला नाही. यंदा नववीच्या वर्गात मी पिळाचा धडा ओला टॉवेल घेऊन शिकवला, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढं येऊन उभी राहिली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गाडी बाहेर काढली. मामाजी माझ्या शेजारी बसले, मागं बायको आणि सासूबाई. आधी गल्लीच्या तोंडाशी खोदलेल्या जागेवरून गाडी नेली. चाकं खाली गेली, वर आली. आवाज नाही. मामाजींनी मागं घ्यायला सांगितलं. पुन्हा नेली, पुन्हा नाही. मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि नदीच्या पुलाकडं निघालो. मध्ये जेवढे ब्रेकर लागले त्या प्रत्येकावर गाडी हळू करायची नाही असा मामाजींचा हुकूम होता. एका ब्रेकरवर सासूबाईंचं डोकं टपाला लागलं. "बुश बरोबर हायेत, मान मोडन माही," त्या म्हणाल्या, आणि मामाजी मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं इतकं मोठं असेल याची मला कल्पना नव्हती. एकदा मोकळ्या रस्त्यावर त्यांनी जोरात ब्रेक मारायला लावला. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. तरी उद्या तुमसरला जाऊन चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यायची, नाहीतर टायर खातील, असं त्यांनी बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर येऊन मशीनवाल्याच्या डोक्यावर उभे राहिले.

पुलापलीकडं मध्य प्रदेश लागतो. तिथं रस्त्याच्या कडेला नदीच्या वाळूत पिकवलेली डांगरं, म्हणजे खरबुजं, विकायला मांडलेली होती. आम्ही दोन घेतली आणि विकणाऱ्या बाईच्याच विळ्यानं चिरून तिथंच उभ्याउभ्या खाल्ली. सासूबाई पदर सांभाळत खात होत्या. डांगर मधासारखं गोड होतं, रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि माझ्या नखांतलं ग्रीस काही केल्या निघत नव्हतं.

खाता खाता मामाजींनी डेपोतली गोष्ट सांगितली. फार जुनी. एका लग्नाची बस वाटेत जंगलात बंद पडली होती आणि त्यांना सायकलवर पाने बांधून तिथं पाठवलं होतं. वऱ्हाडी भुकेले, नवरदेव रागावलेला, आणि बसचा एक पट्टा तुटलेला. मामाजींनी वऱ्हाड आणायला गेलेल्या नवरीच्या मामाचा कमरेचा चामड्याचा पट्टा मागून घेतला, कापला, जोडला आणि बस मांडवापर्यंत पोचवली. मामा लग्नात एका हातानं धोतर आवरत फिरत होता.

बायकोनं विचारलं, ही गोष्ट आम्हाला कधी का सांगितली नाही. मामाजी म्हणाले, तुझ्या आईला माहीत आहे. सासूबाई डांगराची बी थुंकत म्हणाल्या की त्यांना माहीत असणारच, तो मामा त्यांचा होता, आणि नवरी त्यांची थोरली बहीण. त्याच लग्नात त्यांनी मामाजींना पहिल्यांदा पाहिलं, हात काळे, सदरा फाटलेला, मांडवाच्या कोपऱ्यात एकटेच जेवताना.

मामाजींनी उरलेली फोड माझ्यापुढं केली आणि विळा पुसून त्या बाईला परत दिला.